गुरांच्या कानातला सरकारी पिवळा बिल्ला: वस्तूला चार स्टार, सक्तीला दोन

आमच्या दावणीला देवणी गाई आहेत, एक संकरित गाय, बैलजोडी आणि उस्मानाबादी शेळ्या, आणि आता सगळ्यांच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला आहे. पारावर, डेअरीवर, बाजारात सगळीकडं याच्यावरून वाद चालू आहे. कुणी म्हणतंय जनावरांचं आधार कार्ड झालं, लई चांगलं झालं, कुणी म्हणतंय सरकारला आमच्या गोठ्यात डोकवायचं काय काम. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलायलेत पण ताळमेळ बसत नाही, कारण एकजण बिल्ल्याबद्दल बोलायलाय आणि दुसरा सक्तीबद्दल. माझ्या मते बिल्ला वेगळा, तो मारायची सेवा वेगळी आणि त्याची सक्ती वेगळी, म्हणून तिन्हीबद्दल वेगवेगळं लिहितो.

आधी वस्तू बगा. पिवळा, मऊ पण चिवट प्लॅस्टिकचा, दोन तुकड्यांचा. एका तुकड्याला टोक असतं, दुसऱ्याला भोक, पक्कडीसारख्या हत्यारात घालून कानाच्या मधोमध दाबला की टक्क करून बसतो आणि मग उघडत नाही, काढायचा म्हणजे कापूनच. वर १२ आकडी नंबर आणि बारकोड. लई जणांना वाटतं यात चिप आहे, जीपीएस आहे, गाय कुठं चरायली ते दिल्लीत दिसतंय. तसलं काही नाही. नंबर डोळ्यानं वाचायचा नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं, आणि तो नंबर 'भारत पशुधन' या सरकारी ॲपवर टाकला की मालकाचं नाव, गाव, जनावराची जात, वय, लसीकरण, कृत्रिम रेतन हे सगळं दिसतं, तेही ज्यानं भरलं असेल तेवढंच. सगळ्या देशात हीच पद्धत आहे, म्हणून कर्नाटकातल्या बिदरकडून आलेल्या जनावराच्या कानात पण असाच १२ आकडी बिल्ला असतो आणि त्याची माहिती इथल्या डॉक्टरला निघते. आम्हाला बिल्ल्याचे पैसे पडले नाहीत.

टिकाऊपणा चांगला आहे. उन्हाळ्यात कडक ऊन, पावसाळ्यात चिखल, तरी आमच्या गाईंच्या बिल्ल्यावरचा नंबर अजून वाचता येतो, शेण लागलं तर ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. पण बिल्ला टिकतो आणि कान फाटतो ही खरी अडचण आहे. चरायला सोडलेलं जनावर बोरी-बाभळीत घुसतं, तारेच्या कुंपणातून डोकं घालतं, गव्हाणीच्या कडेला कान घासतं, आणि बिल्ला अडकला की कानाला चीर पडून खाली. शेळ्यांचं तर लई अवघड, उस्मानाबादीचे कान लांब आणि लोंबते, बिल्ल्याच्या वजनानं अजून खाली येतात, आणि दुसरी शेळी येऊन तोच बिल्ला चघळत बसते. युरोपात गाईच्या दोन्ही कानांना एकाच नंबरचे दोन बिल्ले मारायचा नियम आहे, एक पडला तर दुसरा राहतो, त्यामुळं जनावराची ओळख जात नाही. आपल्याकडं एकच, तो पडला की जनावर सरकारच्या लेखी बेवारस. एक स्टार इथं कापला.

मारणारा माणूस कसा आहे त्याच्यावर अर्धं काम अवलंबून आहे. कानाच्या दोन जाड शिरांच्या मधली जागा धरून मारला तर रक्ताचा थेंब येत नाही. शीर धरली गेली, किंवा हत्यार न पुसता एका जनावरावरून दुसऱ्यावर गेलं, तर कान सुजतो, पिकतो, आणि पावसाळ्यात माशी बसली की अळ्या पडतात. आमच्या एका कालवडीचा कान असाच पिकला होता, बिचारी डोकं तिरकं धरून उभी राहायची आणि हात लावू देत नव्हती, धुऊन औषध लावून बरा झाला पण लई दिवस गेले. मारणाऱ्याचा दोष म्हणावा तर त्याला एका सकाळी सगळी वाडी उरकायला सांगितलेली होती, लोक जनावरं धरायला तयार नव्हते आणि पायाखाली चिखल. शक्य असेल तर हिवाळ्यात मारून घ्या, हत्यार आणि कान दोन्ही पुसायला लावा, आणि पुढचे आठ-दहा दिवस रोज कान बघा.

आता फायदा. माझ्या घरात जे बिल्ल्याच्या विरोधात होते त्यांना मी एकच विचारायचो, लाळ्या-खुरकूत विसरलात का. तोंडात फोड, खुरात जखमा, ऐन रानात पाळी घालायच्या, म्हणजे कुळवणीच्या वक्ताला बैल जागचा हलत नाही, गाईचं दूध आटून जातं ते परत त्या वेताला येत नाही. या रोगासाठी आणि सांसर्गिक गर्भपातासाठी केंद्र सरकारनं ११ सप्टेंबर २०१९ला मथुरेत देशभराचा लसीकरण कार्यक्रम सुरू केला, त्याच्यासाठी १३,३४३ कोटी रुपये ठेवले. लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा द्यावी लागते आणि गावातली बहुतेक सगळी जनावरं आली तरच उपयोग होतो, चार सुटली की रोग तिथंच घर करतो. मग कुणाला दिली आणि कुणाची राहिली हे कळायला नंबर लागणारच ना. पूर्वी डॉक्टर यायचे, देवळासमोर जमतील तेवढ्यांना टोचायचे आणि वहीत आकडा लिहायचे, त्यातली तांबडी गाय कुणाची आणि काळी कुणाची हे वहीला कुठं माहीत.

२०२२मध्ये गुरांचा लंपी त्वचारोग आला तेव्हा तर सगळ्यांनीच बघितलं. अंगावर गाठी, पायाला सूज, बाजार बंद, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची धावपळ. मेलेल्या जनावरांसाठी सरकारनं मदत जाहीर केली, दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. आपलंच जनावर होतं आणि ते लंपीनंच मेलं हे कागदावर दाखवायचं होतं, आणि ज्याच्या जनावराला नंबर होता, त्याच्यावर लस-औषधाची नोंद होती, त्याला पुढाऱ्याच्या मागं फिरायची गरज कमी पडली. विमावाल्यांनी हे कधीचंच धरून ठेवलंय, बिल्ला नाही तर क्लेम नाही, जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान दाखवा. त्यात नवीन काही नाही.

आणि मला सगळ्यात जास्त पटलेला फायदा म्हणजे वंशावळ, याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आपली देवणी, त्यातले वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार, तिकडं कंधार-लोह्याची लाल कंधारी, ही सगळी आपल्या काळ्या मातीत घडलेली जनावरं. पण हिची आई किती दूध द्यायची, बाप कुठला वळू, हे आजपर्यंत सगळं तोंडी होतं. बाजारात हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, सांगेल ते खरं, पांढऱ्या अंगावर दोन काळे ठिपके दिसले की अस्सल देवणी म्हणून गळ्यात मारायची. आता रेतन झालं की कुठल्या वळूचं सीमेन वापरलं ते त्या नंबरवर चढतं, वासराला बिल्ला मारला की त्याला आईचा नंबर जोडता येतो. दोन-तीन पिढ्या हे नीट भरत गेलं तर माझ्या कालवडीचा भाव हेड्या ठरवणार नाही, तिची नोंद ठरवेल. माळेगावच्या यात्रेत जनावर उभं करताना हातात हा पुरावा असला तर सामान्य शेतकऱ्याची पण छाती फुगेल. म्हणून म्हणतो वस्तूला आणि कल्पनेला चार स्टार.

आता सक्तीचं बोलू, राजकारण सगळं इथं आहे.

राज्य सरकारनं १ जून २०२४पासून नियम लावला की बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री होणार नाही, बाजार समितीत नाही, आठवडी बाजारात नाही. दवाखान्यात सेवा नाही, वीज पडून, पुरात किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात मेलं तर मदत नाही, कत्तलखान्यात प्रवेश नाही. तारीख बघा, १ जून. मराठवाड्यात १ जूनला काय चालू असतं हे मंत्रालयातल्या कुणाला माहीत नव्हतं का? आदलं वर्ष दुष्काळाचं, कडबा संपलेला, सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायचंय, बँक दारात उभी करत नाही, अशा वेळी आपल्याकडचा माणूस एक जनावर बाजारात नेतो. तेच त्याचं एटीएम. आणि त्याच वेळेला गेटवर पाटी, बिल्ला नसेल तर आत नाही.

नियमानं विक्री थांबली का, तर नाही. आमच्या इकडच्या एका बाजारात मी स्वतः बघितलं, बिल्ला नसलेली जनावरं गेटाच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली उभी आणि सौदे तिथंच चालू, फक्त भाव पाडून. घेणारा म्हणतो याला बिल्ला नाही, पुढं मला भानगड, पाच हजार कमी कर. आणि विकणारा करतो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत पैसे पाहिजेत आणि बैल परत न्यायला टेंपोचं भाडं नाही. म्हणजे नियम सरकारचा, आणि त्याचा दंड गोळा करणार व्यापारी. मोठ्या गोठेवाल्याला याची काही झळ नाही, त्याच्याकडं डॉक्टर घरी येतो, त्याची सगळी जनावरं कधीच नोंदवून झालीत. मार बसला एक बैल, एक म्हैस वाल्याला, ऊसतोडीला गेलेल्याला, ज्याच्या वस्तीवर बिल्लेवाला आला तेव्हा घराला कुलूप होतं त्याला.

सक्तीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, अहो सक्ती केल्याशिवाय आपली माणसं काही करत नाहीत. हे मला मान्य नाही. जानेवारी २०२४मध्ये गाईच्या दुधाला लिटरला पाच रुपये अनुदान आलं, त्याला पण बिल्ला आणि नोंद लागत होती, तेव्हा आमच्या गावात माणसं स्वतःहून डॉक्टरला फोन लावून बोलावत होती, धरायला पोरं तयार, नावं लिहायला पोरं तयार. फायदा समोर दिसला की शेतकरी मागं राहत नाही. गोठ्यातल्या कामासाठी बिल्ला असू दे, लसीसाठी असू दे, अनुदानासाठी असू दे, कुणाची तक्रार नाही. तक्रार विक्री अडवण्याची आहे, आणि त्याहून मोठी तक्रार मदत नाकारण्याची. सरकारी नियमाप्रमाणं आपत्तीत दुधाळ जनावर गेलं तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२ हजार, वासराला २० हजार, शेळीला ४ हजार. सप्टेंबर २०२५च्या पुरात आपल्याकडं दावणीच्या दावणी वाहून गेल्या. वाहून गेलेल्या जनावराचा कान कुठून आणून दाखवायचा? ॲपवर नोंद असेल तर ठीक, तिथं बिल्ल्याचा उपयोगच आहे. पण ज्याचा बिल्ला पडला होता, नवीन मारून मिळाला नव्हता, त्याला त्या रात्री तुझं जनावर आमच्या यादीत नाही म्हणून सांगणं हे अन्यायाचं आहे. तलाठ्याचा पंचनामा, शेजाऱ्याची साक्ष, डेअरीची दुधाची पावती, हे पुरावे कालपर्यंत चालत होते, आज पण चालले पाहिजेत.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, भाकड जनावरांचा. राज्याच्या १९७६च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ला दुरुस्ती झाली, गाईबरोबर बैल आणि वळूची पण कत्तल बंद. म्हातारा बैल विकायचा कुणाला हा प्रश्न तेव्हापासून आहे. २०२५च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजानं खरेदीच थांबवली, तेव्हा बाजार कसे ओस पडले ते हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराकडच्या माणसाला विचारा. अशा हवेत शेतकऱ्याला काय वाटतं, की मी बैल विकला, तो चार हात फिरून कुठं गेला मला माहीत नाही, पण कानातल्या नंबरवर नाव माझं आहे, उद्या गाडी पकडली तर पोलीस माझ्या दारात. ही भीती खोटी नाही. लोक बिल्ल्याला नाही म्हणतात त्याच्या पोटात खरं हे दुखणं आहे, फक्त कुणी तोंडानं सांगत नाही.

खरं तर हाच बिल्ला या भीतीवरचा उपाय होऊ शकतो, जर विक्रीच्या वेळी नाव बदललं तर. ॲपवर मालकी बदलायची सोय आहे. पण ती बदलते कोण? बाजारात सौदा पहाटेपासून दुपारपर्यंत, पैसे हातात, जनावर टेंपोत, टेंपो दुसऱ्या जिल्ह्यात. नाव बदलायचं तर घेणारा-देणारा दोघांचे मोबाईल चालू पाहिजेत, नेट पाहिजे, आणि ते करायला अधिकार असलेला माणूस तिथं पाहिजे. तो माणूस तिथं नसतो. आम्ही गेल्या साली घेतलेल्या गाईच्या नंबरवर लई महिने जुन्या मालकाचं नाव होतं, त्याचा मोबाईल नंबर बदललेला, दवाखान्यात गेलं की आज साहेब मीटिंगला, उद्या लसीकरणाला. त्या माणसांवर पण माझा राग नाही, एका डॉक्टरकडं एवढी गावं, अर्ध्या जागा रिकाम्या, रेतन, लस, शवविच्छेदन, आणि वरून आता ही डेटा एंट्री. पण मग मला एक सांगा, शेतकऱ्याला १ जूनची तारीख दिली, तशी स्वतःच्या खात्याला का नाही दिली? बिल्ला पडला तर किती दिवसांत नवीन मारून देणार, नाव किती दिवसांत बदलून देणार, नाही दिलं तर जबाबदार कोण, हे कुठंच ठणकावून सांगितलेलं नाही. सक्ती एका बाजूची आहे, म्हणून तिला दोनच स्टार, त्यातला एक लसीकरणाच्या पुण्याईनं.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही हे पण लक्षात घ्या. अमेरिकेत डिसेंबर २००३मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गाईला मॅड काऊ रोग सापडला आणि तिथल्या सरकारनं प्रत्येक जनावराला नंबर, प्रत्येक गोठ्याला नंबर, रोग आला तर ४८ तासांत माग, अशी देशभराची योजना आणली. लहान शेतकरी पेटून उठले. त्यांचा एक मुद्दा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. मोठ्या कंपन्यांचे कळप एकत्र वाढतात, एकत्र जातात, त्यांना अख्ख्या कळपाला मिळून एक नंबर चालणार, आणि थोडी जनावरं असलेल्या माणसाला मात्र प्रत्येक जनावराचा वेगळा नंबर, वेगळा कागद, वेगळा खर्च. ओरड एवढी झाली की २०१०मध्ये सरकारनं योजना सोडून दिली, आणि २०१३मध्ये नवीन नियम आणला तो फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या जनावरांपुरता. जिथं धोका जास्त तिथं नियम, बाकी गोठ्यात ढवळाढवळ नाही. आपल्याकडं तर बहुतेक सगळेच दोन-चार जनावरंवाले, तेव्हा इथं ओझं उचलायला खातंच पुढं आलं पाहिजे.

मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. प्रत्येक जनावरांच्या बाजाराच्या गेटवर बाजाराच्या दिवशी एक टेबल, एक हत्यार, बिल्ल्यांचा डबा आणि एक माणूस. बिल्ला नसेल तर परत पाठवायचं नाही, तिथंच मारायचा आणि आत सोडायचं. बाजार समिती प्रत्येक सौद्यावर फी घेते, पावती फाडते, तर त्याच पावतीच्या खिडकीवर मालकी पण बदलून द्यायची, आणि विकणाऱ्याच्या मोबाईलवर मेसेज आला पाहिजे की हे जनावर आता तुमच्या नावावर नाही. एवढं झालं तर व्यापाऱ्याला पण रस्त्यात दाखवायला पक्का कागद होईल आणि गाडी अडवणाऱ्या कुणाही सोम्यागोम्याला नंबर तपासायचा हक्क नाही, तो पोलिसांचा, हे पण एकदा स्पष्ट होईल.

तोपर्यंत आपण काय करायचं, तर बिल्ला मारून घ्या, टाळू नका, नुकसान आपलंच होतं. मारला की लगेच जनावराचं तोंड आणि बिल्ल्याचा नंबर एकाच फोटोत येईल असा फोटो काढून ठेवा, नंबर डेअरीच्या कार्डावर पण लिहून ठेवा, बिल्ला पडला तर जुना नंबर सांगता आला पाहिजे म्हणजे सगळी नोंद परत पहिल्यापासून करावी लागत नाही. नोंद करताना स्वतःचा चालू मोबाईल नंबर द्या, पुण्यात कंपनीत असलेल्या पोराचा नको, ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तो शिफ्टला असतो. जनावर आजारी असेल तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाईनला फोन करताना बिल्ल्याचा नंबर जवळ ठेवा. विकताना निदान घेणाऱ्याचं नाव, गाव, फोन आणि बिल्ल्याचा नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय कासरा हातातून सोडू नका, आणि विकत घेताना कानातला नंबर आधी डॉक्टरकडून तपासा, कागदावरचा आणि कानातला एकच आहे का ते बघा.

आणि झेडपीला किंवा बाजार समितीला मत मागायला जे कुणी दारात येतील, कुठल्याही पक्षाचे, त्यांना रस्ता-नाली विचारता तसं हे पण विचारा की गेटवरचं टेबल कधी लावता. आमच्या गावात पुढच्या ग्रामसभेला मी हा ठराव लेखी देणार आहे, बाजार समितीच्या सचिवाला आणि पशुसंवर्धन खात्याला त्याची प्रत जाईल. तुमच्याकडच्या बाजारात अशी सोय आधीच असेल तर खाली लिहा, कुठला बाजार आणि कुठल्या वाराला, म्हणजे ठरावात तो दाखला जोडता येईल.